कळकलेल्या डब्याची गोष्ट

"डॉक्टर, घरातलं सगळं प्लास्टिक काढून टाकलं. आता डबा पितळेचा घेऊ की तांब्याचा?"

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मला रक्तदाब आणि साखरेच्या खालोखाल विचारला जातो. प्रश्नाचा पहिला भाग ऐकून बरं वाटतं. दुसऱ्या भागापाशी मी थोडा थांबतो, कारण त्यात एक गृहीतक दडलेलं असतं: जुनं ते निसर्गाला धरून असतं, आणि निसर्गाला धरून असलेलं ते शरीरालाही चांगलंच असणार. डब्याचा इतिहास मात्र तसं सांगत नाही. त्या इतिहासातलं एक फार दुःखद प्रकरण तर आपल्या पुण्यातच उलगडलं गेलं. त्याबद्दल आज सविस्तर लिहितो. पण सुरुवात शिदोरीपासून करू.

शिदोरीला भांडं लागत नसे. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, त्यावर शेंगदाण्याची किंवा कारळ्याची कोरडी चटणी, ठेचा, एक कांदा, आणि हे सगळं बांधायला धुवट फडकं. प्रवास लांबचा असेल तर दशम्या. दशमीचं पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवतात. त्यामुळे ती मऊ राहते आणि जुन्या सोवळ्या-ओवळ्याच्या हिशेबात प्रवासात चालतही असे. शेतावर न्याहारी जायची ती दुरडीत, वर फडकं झाकून. कोकणात केळीचं पान, देशावर आणि विदर्भात पळसाचं. जेवण झालं की पान गुरांपुढे किंवा उकिरड्यावर आणि फडकं परत कमरेला. आज ज्याला आपण शून्य कचरा म्हणतो ते हेच.

पण ही शिदोरी टिकायची ती फडक्याच्या पुण्याईने नव्हे. ती टिकायची कारण तिच्यात पाणीच कमी होतं. जिवाणूंना वाढायला ओलावा लागतो. तव्यावर आणि मग निखाऱ्यावर शेकलेली भाकरी, मीठ-तिखट-तेलातली कोरडी चटणी यांत तो त्यांना पुरेसा मिळत नाही. म्हणजे आपल्या आजी-पणजीने पदार्थ आधी निवडला आणि मग बांधायचं साधन निवडलं. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे तो उलटा झालेला दिसेल.

क्रम बदलला तो मुंबईमुळे. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली, १८५४ मध्ये पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन झाली, आणि पुढच्या काही दशकांत लाखो माणसं घरापासून लांब, ठरलेल्या वेळी जेवू लागली. गिरणीतल्या किंवा कचेरीतल्या माणसाला घरचंच जेवण हवं होतं, आणि घरचं जेवण म्हणजे आता भात, वरण, रसभाजी. वरण फडक्यात बांधता येत नाही. मग आला एकावर एक कप्पे बसणारा, बाजूने पट्टी लावून बंद करायचा डबा. तो बहुतेक पितळेचा, आतून कल्हई केलेला. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी शंभरेक माणसं गोळा करून हे डबे घरून कामाच्या जागी पोचवायची व्यवस्था सुरू केली. तेच आपले डबेवाले. बहुतेक मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या पट्ट्यातले.

डबेवाल्यांच्या अचूकपणाचं कौतुक जगभर झालं आहे. डॉक्टर म्हणून मला त्यांच्या दोन वेगळ्या गोष्टी मोलाच्या वाटतात. पहिली म्हणजे रिकामा डबा संध्याकाळच्या आत घरी परत येतो. सव्वाशेहून जास्त वर्षं या शहरात रोज हजारो जेवणं पोचली, आणि त्यामागे फेकायचं वेष्टण जवळजवळ नाही. दुसरी गोष्ट वेळेची. कामाला जाणारा माणूस सकाळी सातला निघाला तरी त्याचा डबा घरून सकाळी उशिरा उचलला जातो आणि दुपारच्या सुट्टीत समोर येतो. म्हणजे शिजवणं आणि जेवणं यांत अंतर दोन-तीन तासांचंच राहतं. हे अंतर फार महत्त्वाचं आहे. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जिवाणू झपाट्याने वाढतात, आणि आपल्या हवेत डबा तासन् तास नेमका त्याच पट्ट्यात पडून असतो. भातात तर 'बॅसिलस सीरियस' नावाच्या जिवाणूची बीजं शिजवल्यानंतरही तग धरतात. भात कोमट राहिला की ती रुजतात आणि विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. रात्रीचा, बाहेरच राहिलेला भात सकाळी फोडणी देऊन डब्यात दिला आणि दुपारी उलट्या सुरू झाल्या, अशी मुलं उन्हाळ्यात प्रत्येक डॉक्टरकडे येतात. तिथे डबा कोणत्या धातूचा होता याने काही फरक पडत नाही.

आता पितळेकडे येऊ. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचं मिश्रण. आंबट पदार्थ त्यातलं तांबं विरघळवून घेतात. चिंच, आमसूल, लिंबू, ताक, टोमॅटो, सगळेच. हे समजायला आपल्या बायकांना रसायनशास्त्र लागलं नाही. मराठीत त्यासाठी स्वतंत्र क्रियापदच आहे, कळकणे. कल्हई गेलेल्या भांड्यात आमटी ठेवली की ती कळकते, जिभेला विचित्र तुरट-धातूसारखी चव लागते, कधी हिरवट छटा येते. असलं अन्न पोटात गेलं की थोड्याच वेळात मळमळ, उलट्या, पोटात मुरडा. म्हणून लोणचं चिनी मातीच्या बरणीत, दही मातीच्या किंवा दगडाच्या भांड्यात, आणि पितळेच्या डब्याला कल्हई.

कल्हईवाला ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तो दारात खड्डा करून, भाता लावून कोळसा फुलवायचा. भांडं तापलं की नवसागराची पूड टाकायची. पांढरा धूर निघायचा आणि भांड्याचा आतला भाग लख्ख व्हायचा. मग कथलाची कांडी फिरवायची, वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्याने सगळीकडे पसरवायचं आणि भांडं पाण्यात बुडवायचं. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून एवढी साधी भट्टी पुरते. अन्न आणि पितळ यांच्यामध्ये हा पातळसा थर उभा राहायचा. पण तो घासून-घासून जातो. काही महिन्यांनी पुन्हा कल्हई करावी लागते. म्हणजे पितळेचा डबा ही एकदा विकत घेऊन विसरायची वस्तू नव्हती. तो डबा आणि तो कल्हईवाला मिळून एक वस्तू होती.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. लोकांना धोका माहीत होता, त्याला नाव होतं, त्यावर उपाय होता. पण एका पदार्थाने सगळ्यांना फसवलं. तो पदार्थ म्हणजे दूध.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आपल्या देशातले डॉक्टर लहान बाळांमधल्या एका यकृतविकाराची नोंद करत होते. साधारण सहा महिने ते चार-पाच वर्षं वयाची मुलं. आधी चिडचिड, भूक मंदावणं, पोट मोठं दिसणं. हाताला लागणारं यकृत दगडासारखं कडक, त्याला टोकदार कड. मग कावीळ, पोटात पाणी, आणि काही महिन्यांत मृत्यू. एका घरात एक मूल गेलं की पाठचं भावंडही जायचं, आणि आया हे सगळं दुसऱ्यांदा ओळखीच्या खुणांनी बघायच्या. वैद्यकशास्त्रात याचं नाव 'इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस' असं पडलं. रोगाच्या नावात देशाचं नाव, कारण बाहेर तो जवळपास दिसतच नव्हता. कारणांचे तर्क भरपूर झाले: विषाणू, बुरशी लागलेलं धान्य, कुपोषण, आनुवंशिकता.

१९७० च्या दशकाच्या शेवटी एक धागा हाती आला. या मुलांच्या यकृताच्या तुकड्यांना ऑर्सीन नावाचा रंग लावला तर पेशींमध्ये भरड कण दिसत, आणि मोजल्यावर तिथे तांब्याचं प्रमाण प्रचंड निघालं. मग एवढ्याशा बाळाच्या शरीरात एवढं तांबं आलं कुठून?

उत्तर शोधलं ते पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि त्यांच्यासोबत काम करणारे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी. त्यांनी आजारी बाळांच्या आयांना अगदी घरगुती प्रश्न विचारले. बाळाला अंगावरचं दूध किती दिवस दिलं? वरचं दूध कधी सुरू केलं? ते कशात तापवता, कशात ठेवता? उत्तरांत पुन्हा पुन्हा एकच गोष्ट आली: पितळेचं किंवा तांब्याचं, कल्हई नसलेलं भांडं. १९८३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या गटाने हा संबंध मांडला. पुढे आजारी आणि निरोगी मुलांच्या आहाराची तुलना केली तेव्हाही तेच दिसलं. ज्या मुलांना वरचं दूध लवकर सुरू झालं आणि ते पितळेच्या भांड्यातून आलं, त्यांच्यात हा आजार कितीतरी जास्त होता.

यातली मेख समजून घेण्यासारखी आहे. ताजं दूध आंबट नसतं, त्यामुळे ते कळकेल अशी शंका यायचं कारण नव्हतं. पण दुधातलं केसीन हे प्रथिन तांब्याला घट्ट धरून ठेवतं. भांड्यात दूध तापवलं आणि तसंच ठेवून दिलं तर ते तांबं ओढून घेत राहतं, आणि चवीवरून त्याचा काही पत्ता लागत नाही. मोठ्या माणसाचं यकृत जादा तांबं पित्तावाटे बाहेर टाकतं. काही महिन्यांच्या बाळाच्या यकृताला ते नीट जमत नाही, आणि त्याचा तर सगळा आहारच दूध. अंगावरच्या दुधात तांबं अगदी कमी असतं, म्हणून जितके दिवस आईचं दूध तितके दिवस संरक्षण.

या गटाने उपचारही शोधला. शरीरातलं तांबं बाहेर काढणारं पेनिसिलामिन हे औषध कावीळ होण्याआधीच सुरू केलं तर काही मुलं वाचत होती. उशीर झाला की फारसा उपयोग नसे. पण खरा फरक पडला तो भांडं बदलल्याने. बाळाचं दूध पितळेत तापवू नका, एवढंच आयांना सांगितलं जाऊ लागलं. त्याच काळात घरोघरी स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम येतच होतं. १९९० च्या दशकात हा आजार झपाट्याने कमी झाला. माझ्या पिढीने तो पुस्तकातल्या मोठ्या प्रकरणात वाचला आणि वॉर्डात मात्र क्वचितच पाहिला. आजच्या तरुण डॉक्टरांपैकी कित्येकांनी त्याचा एकही रुग्ण पाहिलेला नाही.

पितळेत तापवलेलं दूध प्यायलेलं प्रत्येक बाळ आजारी पडलं नाही, हेही सांगायला हवं. काही आजारी मुलांच्या घरी तसं भांडं सापडलंही नाही. म्हणून आनुवंशिक कमजोरी आणि तांबं असे दोन्ही घटक जुळून येत असावेत, असं मानलं जातं. त्याला दुजोरा मिळाला तो थेट ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतातून. तिथल्या डोंगराळ खेड्यांत १९०० ते १९७४ या काळात १३८ बाळं अशाच यकृतविकाराने गेली होती. तिथे गाईचं दूध तांब्याच्या भांड्यांत तापवायची रीत होती, आणि आजार काही ठरावीक कुटुंबांतच फिरत होता. ती भांडी गेली आणि आजारही गेला. १९९६ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा रोगाच्या नावातलं 'इंडियन' किती अपुरं आहे ते स्पष्ट झालं.

स्टीलच्या इतिहासाला फार शब्द लागत नाहीत. १९१३ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला हॅरी ब्रेअर्ली यांनी गंज न चढणारं पोलाद बनवलं. आपल्याकडे ते स्वयंपाकघरात यायला बरीच दशकं लागली, आणि आलं ते बऱ्याचदा बोहारणीच्या पाटीतून, जुन्या साड्यांच्या बदल्यात. स्टीलमधल्या क्रोमियममुळे पृष्ठभागावर एक अदृश्य थर बनतो. ओरखडा पडला तरी तो आपोआप पुन्हा तयार होतो. म्हणजे कल्हईवाला भांड्यातच बसलेला! दोन-चार तास आंबट भाजी ठेवली तरी चिंता नाही. असा डबा वीस-तीस वर्षं सहज टिकतो, आणि मोडीत गेला तरी वितळवून पुन्हा वापरात येतो. (चुंबक चिकटला म्हणजे स्टील खोटं, हा समज सोडून द्या. चुंबक चिकटणारंही चांगलं स्टील असतं.)

मग स्टील हाताशी असताना आपण प्लास्टिककडे का गेलो? हलकं, रंगीत, स्वस्त, आणि मुलांना आवडणारं, म्हणून. त्याची किंमत मुंबईने २६ जुलै २००५ ला मोजली. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि तुंबलेल्या गटारांत प्लास्टिकच्या पिशव्या सापडल्या. २०१८ मध्ये महाराष्ट्राने आणि १ जुलै २०२२ पासून देशाने एकदा वापरून फेकायच्या बऱ्याच प्लास्टिक वस्तूंवर बंदी घातली. पुन्हा पुन्हा वापरायचा डबा त्यात येत नाही, पण गरम आणि तेलकट पदार्थ प्लास्टिकमधली काही रसायनं ओढून घेतात. म्हणून गरम भाजी प्लास्टिकमध्ये नको, आणि हॉटेलमधून पार्सलबरोबर आलेल्या पातळ डब्यांत तर रोजचा डबा मुळीच नको. ते डबे त्यासाठी बनवलेलेच नसतात.

प्लास्टिक नको म्हणून काही जण पुन्हा वर्तमानपत्राकडे वळताना दिसतात. सँडविच, पोळीचा रोल, वडापाव कागदात गुंडाळला की निसर्गाचं भलं झालं असं वाटतं. छपाईच्या शाईतली रसायनं तेलात उतरतात, म्हणून देशाच्या अन्नसुरक्षा नियमांनी २०१८ पासून अन्न बांधायला वर्तमानपत्र वापरायलाच मनाई केली आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलबद्दलही खूप विचारणा होते. कोरडी पोळी गुंडाळली तर निरोगी माणसाला त्यातून होणारा धोका नगण्य. त्यातून स्मृतिभ्रंश होतो हे सिद्ध झालेलं नाही. पण लिंबू पिळलेली हिरवी चटणी लावलेलं किंवा टोमॅटोच्या चकत्यांचं सँडविच त्यात चार तास राहिलं की फॉइलला बारीक भोकं पडलेली तुम्ही पाहिली असतील. तो धातू सँडविचमध्ये गेलेला असतो. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी हे टाळावंच, कारण शरीरात आलेलं अ‍ॅल्युमिनियम बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडच करतं.

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर. रोजच्या डब्यासाठी स्टील घ्या. पितळेचा डबा आजीची आठवण म्हणून वापरायचाच असेल तर आत कल्हई शाबूत हवी, आणि कल्हई शुद्ध कथलाचीच हवी. कथलात शिसं मिसळलेलं असेल तर तांब्याच्या जागी शिसं पोटात जाईल, आणि ते लहान मुलांच्या मेंदूला जास्त घातक. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये पितळ, अ‍ॅल्युमिनियम आणि हिंडालियमच्या काही आयात भांड्यांमधून शिसं उतरतं, असा इशारा दिला होता. परदेशात राहणाऱ्या मुला-सुनेला भांडी पाठवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. तांब्याच्या बाटलीत साधं पाणी ठेवायला हरकत नाही. लिंबू सरबत, ताक, कोकम सरबत नको. आणि घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याचं दूध, पेज, खीर यांपैकी काहीही तांब्या-पितळेत तापवू नका, ठेवू नका, तशा चमच्या-वाटीने भरवण्याचा समारंभही एका घासापुरताच ठेवा.

पोळ्यांसाठी फडकं उत्तमच. सुती, पांढरं, म्हणजे डाग दिसतो. अशी तीन-चार ठेवा, रोज धुवा, आणि उन्हात खडखडीत वाळवा, ओलसर फडक्यात पोळीला दुपारपर्यंत वास येतो. पोळ्या वाफ जाऊ देऊन मगच गुंडाळा. सँडविचसाठी चपटा स्टीलचा डबा आणि आत हेच फडकं. चटणी वेगळ्या छोट्या डबीत द्या, पाव ओला होणार नाही. मे महिन्यात उकडलेल्या बटाट्याचं, पनीरचं किंवा मेयोनेझचं सँडविच सकाळी सहाला भरून साडेअकराला खायला देऊ नका, त्या दिवशी पराठा आणि कोरडी चटणी बरी. आणि डब्याच्या झाकणाला रबराचं कडं असेल तर आठवड्यातून एकदा ते काढून, खालच्या खाचेतून जुन्या टूथब्रशने घासा. तिथली काळी रेघ म्हणजे बुरशी असते, आणि वरून कितीही घासलं तरी ती निघत नाही.